निर्वासितांबद्दल सोलापूरला काय वाटतं, हे विचारायचं कसं

निर्वासितांना मदत करावीशी वाटणं, त्यांना काही काळ राहू देणं, त्यांना नागरिकत्व देणं आणि त्यांना आपल्यातलं मानणं ही चार निरनिराळी मतं आहेत. एकच माणूस पहिल्याला मनापासून ‘हो’ म्हणतो आणि तिसऱ्याला तितक्याच ठामपणे ‘नाही’. कॉलेजातले प्रकल्प आणि मोबाइलवर फिरणारे कौल मात्र ही चारही मतं एकाच ‘हो की नाही’मध्ये कोंबतात. मग ‘सत्तर टक्के लोक विरोधात’ असा मथळा छापला जातो. विरोध नेमका कशाला, ते कुणीच सांगत नाही.

ही फारकत जुनीच आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा गॅलप या जनमत पाहणाऱ्या संस्थेच्या पाहणीत ९४ टक्के अमेरिकी लोकांनी नाझींच्या वागणुकीचा निषेध केला. त्याच सुमारास, जर्मनीतून जास्त ज्यूंना देशात येऊ द्यावं का, या प्रश्नावर ७२ टक्क्यांनी नकार दिला. जानेवारी १९३९ मध्ये दहा हजार निर्वासित मुलांना आणण्याचा प्रस्ताव विचारला, तेव्हाही ६१ टक्के विरोधात होते. यातला एकच आकडा छापला असता, तर कुठला छापला यावर अख्ख्या देशाचं चित्र बदललं असतं.

आपल्याकडचं उदाहरण १९७१ चं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. सुरुवातीला वेगळं तिकीट छापायला वेळ नव्हता म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘निर्वासित साहाय्य’ असा शिक्का मारून ते चालवलं गेलं. ३१ मार्च १९७३ पर्यंत सोलापुरातून गेलेल्या पत्रांवरही हा भार होता. आणि याच काळात सरकारची भूमिका स्पष्ट होती, की या लोकांना परत जावंच लागेल. मदत आणि कायमचं वास्तव्य हे प्रश्न तेव्हाही वेगळे ठेवले गेले होते. आज प्रश्नावली करताना ते एकत्र करायचं कारण नाही.

तेव्हा प्रश्न चारच करा, पण वेगवेगळे. आणि त्यात ‘निर्वासित’, ‘शरणार्थी’, ‘घुसखोर’ यांतला एकही शब्द वापरू नका. परिस्थिती सांगा: ‘शेजारच्या देशात दंगली सुरू आहेत. तिथलं एक कुटुंब घरदार सोडून भारतात आलं. सरकारने त्यांना अन्न-औषध द्यावं का? शांतता होईपर्यंत राहू द्यावं का? दहा वर्षांनंतरही परत जाता आलं नाही, तर नागरिकत्व द्यावं का? त्यांची मुलं इथेच शिकली, तर तुम्ही त्यांना भारतीय मानाल का?’ यात धर्म आणि देश बदलून पाहायचा असेल, तर निम्म्या अर्जांवर एक आणि निम्म्यांवर दुसरा छापा. कुणाला कुठला अर्ज जातो, हे प्रश्न विचारणाऱ्याने ठरवायचं नाही. गठ्ठा आधीच पिसून, क्रमांक घालून द्यायचा. युरोपातल्या १५ देशांत केलेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास याच पद्धतीचा होता. सुमारे अठरा हजार लोकांना आश्रय मागणाऱ्या काल्पनिक माणसांच्या जोड्या दाखवल्या, तेव्हा कामाचं कौशल्य, छळ सोसलेला असणं आणि धर्म या तिन्ही गोष्टींचा परिणाम वेगवेगळा मोजता आला.

सर्वांत जास्त घोटाळा प्रश्नांच्या क्रमामुळे होतो. १९४८ मध्ये अमेरिकेत विचारलं गेलं, की कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना इथे येऊन बातम्या पाठवू द्याव्यात का. हा प्रश्न आधी आला तेव्हा ३६ टक्के ‘हो’ म्हणाले. आधी ‘अमेरिकी पत्रकारांना रशियात जाऊ द्यावं का’ हे विचारून मग हाच प्रश्न टाकला, तर ७३ टक्के. आपल्यासाठी तेवढाच न्याय मागितला की दुसऱ्याला तो नाकारणं जड जातं. सोलापुरात याची काळजी जास्त घ्यावी लागते, कारण इथे ‘तुमचं मूळ गाव कुठलं’ हा साधा प्रश्नही असाच काम करतो. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलंगणातून पूर्वज आल्याचं आधी बोलून झालं, तर पुढचं उत्तर मवाळ होण्याची शक्यता असते. बाळे उपनगरातल्या एखाद्या घरात रोजगाराचं बोलून झालं, तर कडक. म्हणून मातृभाषा, किती पिढ्यांचं वास्तव्य, जात, उत्पन्न हे सगळं शेवटच्या पानावर ठेवा.

राष्ट्रीय ओळखीचे प्रश्न बहुतेक ठिकाणी एका ठरावीक यादीतून घेतले जातात: खरा नागरिक म्हणवून घ्यायला इथे जन्म, भाषा, धर्म, कायद्यांचा आदर, पूर्वज या गोष्टी किती महत्त्वाच्या? चार पर्याय, ‘अतिशय’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत. अमेरिकेतल्या प्यू या पाहणी संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात जवळपास तीस हजार लोकांना १७ भाषांमध्ये विचारलं, तेव्हा ६४ टक्के हिंदूंनी खरं भारतीय असायला हिंदू असणं अतिशय महत्त्वाचं म्हटलं आणि ५९ टक्क्यांनी हिंदी बोलणं. त्यांच्याशी तुलना करायची तर शब्द तसेच्या तसे ठेवावे लागतात. पण तेवढ्यावर थांबलात, तर सोलापूरबद्दल फारसं काही कळणार नाही. ज्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच चौकात ऐकू येतात, तिथे ‘मराठी येणं गरजेचं आहे का’ हा प्रश्न वेगळा घ्यावाच लागतो. नाहीतर देशाबाहेरून आलेल्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाला लोक उत्तर भारतातून आलेल्या कामगाराबद्दल उत्तर देऊन मोकळे होतात. परराज्य आधी आणि परदेश नंतर, की उलट, हे अर्धे-अर्धे करून तपासा.

वयस्कर लोकांशी बोलताना १९४८ चा उल्लेख निघतो, तो उडवून लावू नका. निजामाच्या राज्यातून रझाकारांच्या त्रासाने हजारो लोक सीमेलगतच्या सोलापूर आणि बार्शी भागात आले होते. सप्टेंबरातल्या पोलिस कारवाईची मुख्य तुकडी सोलापुराहूनच नळदुर्गाकडे निघाली. ज्या घरात ही आठवण आहे, त्या घरातलं मत वेगळं लागतं का, हा माझ्या मते इथल्या कुठल्याही पाहणीतला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. त्यासाठी एकच ओळ पुरते: ‘तुमच्या घरातलं कुणी कधी जीव वाचवायला गाव सोडून आलं होतं का?’ हीसुद्धा शेवटच्या पानावरच.

आता माणसं निवडायची कशी. शहर उत्तर, शहर मध्य हे विधानसभा मतदारसंघ आणि दक्षिण मतदारसंघाचा शहरातला भाग मिळून ३० मतदान केंद्रं चिठ्ठीने काढा. मोठ्या केंद्राला मोठी संधी मिळेल, असं पाहा. प्रत्येक केंद्राच्या मतदार यादीतून २० नावं घ्यायची. यादी १०८० नावांची असेल तर दर ५४ वं नाव. सुरुवात १ ते ५४ मधली चिठ्ठी काढून करायची. समजा १७ आला, तर १७, ७१, १२५ असं पुढे. एकूण ६०० नावं होतात. मयत, घर बदललेले, कुलूप, नकार हे सगळं वगळून ४०० मुलाखती हाती लागल्या तर काम चांगलं झालं म्हणायचं. घर बंद दिसलं की शेजारच्याला विचारून अर्ज भरायचा, ही सर्वांत मोठी खोट. शेजारचा घरी असतो म्हणूनच तो वेगळा असतो. त्याच घरी तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी जा. विडी वळणाऱ्या बाया विड्या जमा करायला कारखान्यात गेलेल्या असताना गेलात तर घरातल्या म्हाताऱ्यांचंच मत गोळा होईल. यंत्रमागावर दिवसपाळी करणारा रात्री आठनंतर भेटतो.

मतदार यादीची एक मर्यादा या विषयात फार बोचते. जो नुकताच आला, ज्याचं नाव अजून कलबुर्गीच्या यादीत आहे, जो भाड्याच्या खोलीत राहतो, तो या यादीत बहुधा नसतो. म्हणजे बाहेरून येणाऱ्यांबद्दलचं मत आपण मुख्यतः आधीपासून स्थिरावलेल्यांनाच विचारतो. हे अहवालात लिहायलाच हवं.

प्रश्न विचारणारा कोण, यावरही उत्तर फिरतं. नई जिंदगी आणि साखर पेठ या शहरातल्या दोन निरनिराळ्या वस्त्यांत एकाच मुलाने सगळे अर्ज भरले, तर फरक वस्तीचा की त्या मुलाच्या आडनावाचा, हे कधीच कळणार नाही. विचारणारे अदलाबदल करून पाठवा आणि प्रत्येक अर्जावर त्यांचा क्रमांक टाका. दुसरं म्हणजे भिडेखातर दिलेला ‘हो’. दारात आलेल्या पोराला नाराज कशाला करायचं, म्हणून सलग सगळ्या विधानांना ‘बरोबर आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यामुळे निम्मी विधानं उलट्या दिशेची ठेवा. ‘देऊ नये याच्याशी असहमत आहात का’ असला दुहेरी नकार मात्र टाळा. ‘सांगता येत नाही’ला स्वतंत्र चौकट द्या आणि तो आकडाही छापा. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. अशा विषयावर मत तयार नसणं हेही खरं उत्तरच आहे.

आकड्यांचा हिशेब आधीच करून ठेवा. ४०० लोकांत चूक अधिक-उणे पाच टक्के असते. एकाच केंद्रातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून ती सहापर्यंत जाते. त्यातले तेलुगू भाषक ८० असतील, तर त्यांच्यापुरती ती किमान अकरा. दोन प्रकारच्या अर्जांची २००-२०० अशी तुलना केलीत, तर दहा-बारा टक्क्यांहून कमी फरकावर काहीही बोलू नये. लोक खरं बोलत नाहीत अशी शंका असली, की ‘यातल्या किती गोष्टी पटत नाहीत, फक्त संख्या सांगा’ ही यादीची युक्ती सुचवली जाते: निम्म्या लोकांच्या यादीत नाजूक गोष्ट जादा घालायची आणि दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक पाहायचा. युक्ती चांगली आहे, पण ४०० माणसांत तिची चूक वीस टक्क्यांच्या घरात जाते. हजार-दोन हजार मुलाखतींची ताकद नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

‘तुमच्या भागात परदेशी कुणी राहतात का, कुठे?’ हा प्रश्न कधीही घालू नका. बांगला बोलणारा भारतीय कामगार त्या उत्तराने अडचणीत येतो, आणि अर्ज कुणाच्या हातात पडेल यावर आपला ताबा नसतो. नाव-पत्त्याचं पान आणि उत्तरांचं पान पहिल्या संध्याकाळीच वेगळं करा. शिवाय असल्या अंदाजाला माहिती म्हणून काही किंमतही नाही. युरोपीय संघाच्या २०१८ च्या अहवालात लोकांनी आपल्या देशातल्या स्थलांतरितांचं प्रमाण प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक सांगितलं होतं.

निकाल छापताना पूर्ण प्रश्न, क्रम, मुलाखतींची संख्या, नकार किती आणि तारखा द्या. तारखा तर नक्कीच. प्यूच्या त्या पाहणीच्या मुलाखती १७ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाल्या आणि २३ मार्च २०२० ला संपल्या. मधे डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा मंजूर झाला आणि देशभर आंदोलनं पेटली. म्हणजे काही लोक त्याआधी बोलले, काही त्यानंतर. तुमच्या पाहणीच्या मधल्या आठवड्यात ढाक्यात किंवा दिल्लीत काही घडलं, तर आधीचे आणि नंतरचे अर्ज वेगळे मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा.