तोरणमाळ, पळत पळत

आज पहाटे यशवंत तलावाच्या काठावर आम्ही चौदा जण हात चोळत उभे होतो. जळगावच्या सपाट रस्त्यांवर गेली सहा वर्षं पळतेय, दहा किलोमीटर आता अंगवळणी पडलेत. पण सातपुडा निराळाच! सीताखाईच्या बाजूने सूर्य वर आला आणि चौदाही जण आपोआप थांबले. कुणी फोनसुद्धा काढला नाही.

मग सातपायरी घाट. उतार सोपा वाटतो, पण तिथेच मांड्या भरून येतात, कारण प्रत्येक पावलाला स्नायू ताणले जात असताना अंगाचा भार पेलतात. वाटाड्या दादा सारखे सांगत होते, पावलं छोटी टाका, टाच आपटू नका. एक दादा पुढे, एक सगळ्यात मागे, आणि प्रत्येक वळणावर शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी हलायचं नाही. हा नियम मला फार आवडला.

परतीच्या चढावर माझ्या पोटरीत गोळा आला. मागच्या दादांनी मला कठड्यावर बसवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं, पाय हळूहळू ताणून दिला. "घाई नही ताई, व्हई जाई." मोज्यात कुसळं रुतली होती, तीही एकेक करून वेचली. तोवर बाकीचे बारा जण वरच्या वळणावर माझ्यासाठी थांबलेले.

दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. पुढच्या हिवाळ्यात हीच मंडळी जैसलमेरच्या वाळूत पळायला जाणार आहेत. मी नाव दिलंय.