पोरी राहणार कुठं?

वागातोर, गोवा, बुधवार, रात्रीचे साडेदहा

पडदा ओढून, उशाशी असलेल्या इवल्याशा दिव्यात लिहितेय. हॉस्टेलमधली सहा कॉटची बायकांची खोली, एका कॉटचे रात्रीचे ६५० रुपये. प्रत्येकीला एक प्लग, एक दिवा आणि चष्मा-मोबाइल ठेवायला वीतभर फळी. कॉटखाली लोखंडी कप्पा असतो, पण कुलूप आपलं आपण आणायचं. मी घरच्या ट्रंकेचं आणलंय. जरा मोठंच आहे, कडीत बसता बसता बसलं.

खरं तर मला वरची कॉट मिळाली होती. काल दुपारी शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर गुडघ्यात कळ आली, तशी खालच्या कॉटवरची मुलगी उठली आणि आपली उशी-चादर गोळा करून म्हणाली, "काकू, तुम्ही खाली या. मला वरच आवडतं." मराठी ऐकून इतकं बरं वाटलं! मुलगी नांदेडची, नोकरी बंगळुरूला, चार दिवसांची रजा काढून एकटीच आलीय. रात्री लक्षात आलं की वर एसीचा झोत थेट अंगावर येतो. पोर पाय पोटाशी घेऊन झोपली होती. उठून माझी शाल तिच्या अंगावर टाकली.

काल झोप मात्र लागली नाही. अंगणातली गाणी बारापर्यंत चालू होती. डोळा लागतोय तोवर पहाट झाली आणि रस्त्यावरून पदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा आला, पों पों. सायकलच्या मागे टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक. मी चपला घालून धावले. दोन पोया घेतल्या, म्हणजे इथले पाव, कोंडा लागलेल्या, हाताला चटका बसेल इतक्या गरम. एक तिथंच कुंपणापाशी उभ्यानं खाल्ली, नुसतीच, चहाशिवाय. दुसरी नांदेडच्या मुलीसाठी ठेवली.

आज सगळा दिवस बाबांची आठवण येत होती. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली आणि आमच्या वर्गानं लगेच गोव्याची सहल ठरवली. बाबा पैशांवरून काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरी राहणार कुठं?" लॉज हा शब्दसुद्धा आमच्या घरात चालत नसे आणि चांगलं हॉटेल परवडणारं नव्हतं. सरांकडेही उत्तर नव्हतं. मुलं गेली, आम्ही सात जणी मागे राहिलो.

पुढं पुण्यात नोकरी लागली तेव्हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर तीन वर्षं काढली. चौघींत एक आरसा, आंघोळीला नंबर. तिथं सोडायला बाबा स्वतः गादी घेऊन आले होते. म्हणजे परक्या बायकांच्या खोलीत कॉट घेऊन राहणं त्यांना चालत होतं, पण ते नोकरीसाठी. समुद्र बघायला म्हणून चालत नव्हतं. त्यांच्यावर राग नाही माझा. त्यांची काळजी खरी होती आणि तेव्हा अशी सोयही नव्हती. पण त्या सात जणींपैकी दोघींना समुद्र शेवटपर्यंत बघायला मिळाला नाही, हे आज फार जाणवलं.

परवा रात्री कोकणकन्येत बसले, काल सकाळी थिवीला उतरले, म्हापशाहून छोट्या बसनं इथं. टॅक्सी केली असती तर एका रात्रीच्या कॉटचे पैसे त्यातच गेले असते.

संध्याकाळी दोघी शापोरा किल्ल्यावर गेलो. वर आता तटबंदीच काय ती उरलीय, जांभ्याची. उत्तरेच्या तटावरून शापोरा नदी समुद्राला मिळते ते दिसतं आणि पलीकडे मोरजीची वाळू. तिथं हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या लांबून येतात, एकट्या?" मग आम्ही सूर्य बुडेपर्यंत काहीच बोललो नाही. इतका वेळ कुणाच्या जेवणाची वेळ डोक्यात न ठेवता मी कधी बसले होते, आठवत नाही.

उतरताना तिच्या आईचा फोन आला, दिवसातला तिसरा. तिनं फोन माझ्याच हातात दिला. "आई, या काकूंशी बोल."

"ताई, राहायची सोय बरी आहे ना हो?" पलीकडून आवाज आला.

मी सगळं सांगितलं. खोलीत फक्त बायका, दाराला आतून कडी, कॉटला पडदा, कप्प्याला कुलूप, अंगणात रात्रभर दिवा. गाण्यांचंही सांगितलं. त्या नुसतं हं, हं करत होत्या. मग थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"किती पडतात हो रात्रीचे?" त्यांनी हळूच विचारलं.