तुम्ही विचारलंत म्हणून: दुखण्याचं नाटक तपासायचं कशाला?

"दुखण्याचं नाटकच करायचंय ना, मग त्याची एवढी तपासणी कशाला?" हा प्रश्न मला नर्सिंगचे विद्यार्थी विचारतात, त्यांचे शिक्षक विचारतात, फाइलवर सही करणारेही विचारतात. प्रत्येकाचा सूर निराळा, पण मनात एकच असतं: चांगली नटी आणा, कण्हायला सांगा, संपलं. जाता-येता दिलेली माझी उत्तरं कुणाला पटलेली नाहीत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

सिम्युलेटेड पेशंट म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावासाठी आजाराची भूमिका करणारा धडधाकट माणूस, आणि अशा भूमिका लिहून तपासणं हे माझं काम. हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने 1963 मध्ये धडधाकट माणसाला आजार शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं, तेव्हापासून 'नाटक' हा शब्द आमच्या मागे लागला आहे. खऱ्या पेशंटकडेच का नेत नाही, असंही विचारतात. पोटावर ताजे टाके असलेल्या माणसाला रांगेतल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी 'जरा खोकून दाखवा' म्हणायचं, हे मला जमणार नाही. तुम्हालाही जमू नये.

आता तपासणी. एकच केस, म्हणजे लिहून दिलेली एकच भूमिका, तिघीजणी करतात असं धरा. पहिली आपण होऊन सांगते, "कुशीवर वळलं की जास्त दुखतं." दुसरी विचारल्यावर सांगते. तिसरी विचारल्यावरही विसरते. तीन विद्यार्थिनींना तीन वेगवेगळे गुण पडले, तर ते कुणाचे? विद्यार्थिनींचे नक्कीच नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येकीचं चित्रीकरण करतो. काय आपण होऊन सांगायचं, काय विचारल्यावरच सांगायचं आणि काय कधीच सांगायचं नाही, याची यादी असते. दोन परीक्षक एकमेकांशी न बोलता ती भरतात. त्यांचं किती जुळतं ते मग 'कप्पा' नावाच्या आकड्याने मोजतो, म्हणजे निव्वळ योगायोगाने जुळलं असतं तेवढं त्यातून वजा होतं. हा भाग कंटाळवाणा आहे आणि त्यावर वाद घालायला कुणी येत नाही.

वाद पुढच्या भागावर आहे. सिम्युलेटेड पेशंट नकळत बरंच काही शिकवते. धडधाकट बाईची नाडी शांत चालणार, म्हणून आकडे कार्डावर लिहून द्यावे लागतात. त्या कार्डावर आम्ही दर वेळी नाडी 118 लिहिली, तर विद्यार्थिनी काय शिकतील? नाडी वाढली तरच दुखतंय. खरं तर जुनाट दुखण्यात नाडी आणि बीपी अगदी सरळ असू शकतात, आणि ताज्या दुखण्यातही या आकड्यांवर विसंबता येत नाही. आमच्या कार्डामुळे उद्या एखाद्या पेशंटला पेनकिलर उशिरा मिळू शकतं. कार्डाचं जे, तेच चेहऱ्याचं. आता पुढची हकीकत ऐका, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे.

केस साधी होती. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. बाईंना कुणाला त्रास द्यायला आवडत नाही. "कसं वाटतंय?" म्हटलं की "बरं आहे, थोडंसं दुखतंय." हसून बोलायचं. पण पोट सोडून छातीने, वरवर श्वास घ्यायचा, एक हात पांघरुणाखाली टाक्यांवर ठेवायचा, आणि खोकला आला तरी तो गिळायचा. "शून्य ते दहात किती?" एवढंच विचारलं तर तीन. "खोकताना किंवा उठून बसताना किती?" असं विचारलं तर आठ. सगळी केस या एका प्रश्नावर बेतलेली होती. ऑपरेशननंतर नुसतं पडून असतानाचं दुखणं विचारून भागत नाही. खोकता येत नसेल तर कफ साचतो, उठता येत नसेल तर पुढचं सगळंच अडतं.

ही भूमिका करणारी बाई नवखी नव्हती. केस तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या पॅनेलवर वॉर्डात वर्षानुवर्षं काढलेल्या नर्स होत्या, आणि त्यांच्यापुढच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: 'ही वेदना खरी वाटते का?' एक ते चार गुण. सहा किंवा त्याहून जास्त तज्ज्ञ असतील तर होकार देणाऱ्यांचं प्रमाण 0.78 च्या, म्हणजे 78 टक्क्यांच्या, वर गेल्यावर मुद्दा ठेवायचा, असा आमच्यात प्रघात आहे. बाकीचे मुद्दे आरामात वर गेले. हा एक सपशेल पडला.

चर्चेला बसलो तेव्हा पॅनेलवरच्या सगळ्यात ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, "आठ सांगणारा माणूस असा हसत पडून राहत नाही. हिला थोडं कण्हायला लावा. कपाळावर आठी तरी येऊ दे." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मी वहीत 'आठी' असं लिहूनही घेतलं.

भूमिका करणारी बाई अजून पलंगावरच बसली होती. ती हळूच म्हणाली, "माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी अशीच होते. मुलगी समोर बसली होती, म्हणून हसत होते."

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर टाळता आलं असतं, पण त्यांनी ते टाळलं नाही. म्हणाल्या, "मग त्या रात्री माझी ड्युटी असती, तर मी तुम्हाला इंजेक्शन दिलं नसतं."

त्या खोलीत कुणालाही दुखवायचा त्यांचा हेतू नव्हता. त्या चांगल्या नर्स आहेत, हे मी शपथेवर सांगेन. मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन नर्सने 1968 मध्ये मांडलेली वेदनेची व्याख्या, की पेशंट सांगतो ती वेदना आणि तो सांगतो तेव्हा ती असते, त्या झोपेतही म्हणून दाखवतील. तरीही पलंगाजवळ त्यांनी चेहरा पाहिला आणि आकडा बाजूला ठेवला. पॅनेलवरच्या बाकीच्यांनीही तेच केलं. त्या बाई मात्र बराच वेळ टाक्यांच्या जागेवर हात ठेवून बसून होत्या. भूमिकेतून बाहेर पडायला त्यांना वेळ द्यावा लागला. त्यांच्याशी बोलणं हेही माझंच काम आहे, आणि ते कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

आता माझ्या जुन्या मताशी भांडते. या कामाला लागले तेव्हा मी ठासून सांगायची की तज्ज्ञांना पटलं म्हणजे झालं, वॉर्ड पाहिलेल्यांना कळणार नाही तर कुणाला कळणार? या म्हणण्यात दम आहे, आजही आहे. हात कुठे ठेवावा, दुसऱ्या दिवशी बाई पलंगावरून कशी उतरते, टाक्याचं दुखणं 'ओढल्यासारखं' सांगतात की 'भगभगतं' म्हणतात, हे मला पॅनेलनेच शिकवलं. भगभग आणि मुंग्या म्हटलं की विद्यार्थिनीने नसेचा विचार करायला हवा, त्यामुळे तिथे शब्द चुकून चालत नाही. पण 'खरी वाटते का' या प्रश्नाला नजर कितपत पुरते? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना खरी वेदना सोसणारे आणि वेदनेचा आव आणणारे चेहरे दाखवले. लोकांचा अंदाज नाणेफेकीपलीकडे गेला नाही, आणि शिकवून झाल्यावरही तो 55 टक्क्यांवर थांबला. संगणकाने 85 टक्के ओळखले. आव आणणाऱ्यांची तोंडं फार नियमित उघडमीट करत होती, ते त्याने पकडलं. म्हणजे पॅनेलला जे 'खरं वाटतं' ते बहुधा ओळखीचं असतं, आणि ओळखीचं म्हणजे आठी, कण्हणं, डोळ्यांत पाणी.

मी आठी घातली असती तर गुण वर गेले असते. केस मंजूर झाली असती. मग वर्षामागून वर्षं विद्यार्थिनी त्या खोलीतून हे शिकून बाहेर पडल्या असत्या की आठचं दुखणं दिसतंच. न दिसणारं दुखणं घेऊन पडलेल्या पेशंटला, जो वॉर्डात हटकून भेटतो, त्याची किंमत मोजावी लागली असती.

म्हणून मी अभिनय तसाच ठेवला आणि प्रश्न बदलला. आता दोन प्रश्न आहेत. 'असा पेशंट असू शकतो का?' आणि 'तुम्ही आजवर पाहिलाय का?' पहिल्याला होकार भरभरून मिळतो, दुसऱ्याला विखुरलेला.

यावर माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप आहे, आणि तो मला झोपू देत नाही. तो म्हणतो, "माप मनासारखं आलं नाही म्हणून तुम्ही फूटपट्टी बदललीत. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तुम्ही सोडलं असतंत?" सोडलं नसतं. शिवाय त्या बाईचा अनुभव एका माणसाचा आहे. उद्या दुसरी म्हणेल, मी तर किंचाळले होते. मग काय, दर वेळी भूमिका करणाराच प्रमाण? मी त्याला एवढंच सांगते की जुने गुण मी लपवलेले नाहीत. अहवालात दोन्ही फॉर्म शेजारी-शेजारी छापलेत आणि बदल का केला तेही लिहिलंय. त्याचं समाधान झालेलं नाही. खरं सांगायचं तर माझंही पुरतं झालेलं नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथे माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. स्मृतिभ्रंश झालेल्या, बोलू न शकणाऱ्या पेशंटला आकडा विचारता येत नाही. तिथे श्वास, आवाज, चेहरा, हातापायांची हालचाल आणि धीर दिल्यावर शांत होतो का, एवढंच पाहायचं. पेनॅड नावाची मोजपट्टी याच पाच गोष्टींवर चालते. तिथे दिसण्याला पर्याय नाही, मग पॅनेलची नजर नाकारून मी कशावर उभी राहू? वेदनेच्या 2020 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येच्या टिपांत स्पष्ट म्हटलंय की बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही. मला ते मान्यच आहे, पण भूमिका करणारीला नेमकं काय करायला सांगायचं, हे त्या ओळीतून मिळत नाही.

ती केस आम्ही सध्या लिहितोय. तिच्या पॅनेलवर त्याच ज्येष्ठ सिस्टरांना बोलावलंय. त्यांनी होकार दिला, आणि एक अट घातली: चित्रीकरण आधी आवाज बंद करून दाखवायचं, मग आवाजासह, आणि दोन्ही वेळचे गुण वेगवेगळे घ्यायचे. फॉर्ममध्ये तसे दोन रकाने मी करून घेतलेत.