पत्रादेवी ओलांडून आलेली ऑर्डर

"ही ऑर्डर म्हाराष्ट्राची. हांगा चलची ना," असं म्हणून उत्तर गोव्यातल्या एका पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने कागद माझ्याकडे परत सरकवला. बाकावर माझी अशील कंपनीच्या गणवेशातच बसली होती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून सिंधुदुर्गातून, पत्रादेवीचा महाराष्ट्र-गोवा सीमेवरचा नाका ओलांडून इकडे आलेली, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागलेली. तिकडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अंतरिम संरक्षण आदेश दिला होता. त्या संध्याकाळी शिफ्ट सुटली आणि नवरा गेटवर उभा. दंडाला धरून त्याने तिला मोटारसायकलकडे ओढलं, वॉचमन मध्ये पडला म्हणून ती सुटली. तिच्या सिंधुदुर्गातल्या वकिलांनी तिला माझा नंबर दिला. फोनवर ती एवढंच म्हणत होती, "मॅडम, तो हयसर कसो इलो?"

2005 च्या या कायद्याचं कलम 27(2) जेमतेम एका ओळीचं आहे. या कायद्याखालचा कोणताही आदेश संपूर्ण भारतात अंमलात आणता येतो. दिवाणी हुकूमनामा परजिल्ह्यात बजावायचा तर आधी तिकडच्या कोर्टाकडे पाठवून घ्यावा लागतो. इथे ती भानगडच नाही. शिवाय सिंधुदुर्ग काय नि गोवा काय, दोन्हीकडची न्यायालयं एकाच मुंबई उच्च न्यायालयाखाली येतात.

पण हा गैरसमज एकट्या हवालदाराचा नाही. गोव्यात लग्न, नवरा-बायकोची मालमत्ता हे सगळं पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्यांवर चालतं. लग्नासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा सह्या कराव्या लागतात. त्यामुळे घरातल्या कुठल्याही भांडणात "आमचा कायदा वेगळा" हे उत्तर चांगले शिकलेले लोकही देतात. हिंसाचाराचा कायदा केंद्राचा आहे आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून गोव्यातही तोच लागू आहे, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे.

निरीक्षक आले. त्यांनी कायदा वाचलेला होता, याचं मला बरं वाटलं. पण अर्धाच वाचलेला होता. कलम 31(2) त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. आदेशभंगाचा खटला शक्य असेल तिथवर आदेश देणाऱ्याच दंडाधिकाऱ्यापुढे चालावा, असं त्यात आहे. "मग गुन्हाही तिकडेच नोंदवा." मी म्हटलं, साहेब, खटला कुठे चालेल ते नंतर बघू. गुन्हा तुमच्या हद्दीत घडलाय, आणि कलम 32 प्रमाणे तो दखलपात्र नि अजामीनपात्र आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 तर सांगतं, की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची. त्यावर "एनसी लिहून घेतो", म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद करतो, अशी तडजोड पुढे आली. वर्षभरापर्यंत कैद होऊ शकणाऱ्या गुन्ह्याची एनसी! बायकांच्या तक्रारी अशा एनसीतच जिरवल्या जातात, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

मग ते म्हणाले, "गेटाबाहेर उभा राहिला, आत तर गेला नाही." इथे आदेशाचा मसुदा कामाला आला. दंडाधिकाऱ्यांनी कलम 18 मधले शब्द जसेच्या तसे घेतले होते. नोकरीच्या ठिकाणी प्रवेश करू नये, आणि प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक वा दूरध्वनीवरून संपर्काचा प्रयत्न करू नये. कंपनीचं नाव नाही, गावाचं नाव नाही. म्हणूनच नोकरी बदलली, राज्य बदललं, तरी आदेश तिच्यासोबत आला. आमचे बरेच वकीलमित्र जुन्या अर्जावरून नवा अर्ज काढतात आणि सासरच्या घराच्या पत्त्यापुरतीच मनाई मागतात. ती ऑर्डर बाईने घर सोडलं की निकामी.

निरीक्षकांचा शेवटचा प्रश्न मात्र रास्त होता. आदेश एकतर्फी झालेला. नवऱ्याला तो माहीत होता, याला पुरावा काय? मी तिकडच्या वकिलांना फोन लावला. ते जेवत होते, पण ताटावरून उठून त्यांनी रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टातल्या तारखेवारी नोंदींच्या, नकलेचा फोटो पाठवला. सामनेवाला (म्हणजे नवरा) वकिलामार्फत हजर, वकीलपत्र दाखल, म्हणणे देण्यास मुदत मागितली. तारीख गेटवरच्या प्रकाराच्या कितीतरी आधीची. त्या तीन तुटक वाक्यांवर रात्री एफआयआर झाला.

तेव्हापासून मला कलम 24 छळतंय. आदेशाची मोफत प्रत कोणाला द्यायची? पक्षकारांना, ज्या हद्दीतल्या न्यायालयात अर्ज झाला त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला, आणि तिथल्या मदत करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना. म्हणजे आदेश चालणार देशभर, पण त्याची खबर असणार एकाच ठाण्याला. पत्रादेवीचा नाका ओलांडून नोकरीला येणाऱ्या बायका रोज दिसतात. त्यांची ऑर्डर इकडच्या ठाण्यात कोणीही पाहिलेली नसते. मी अशिलाला सुचवलं, तू राहतेस तिथल्या ठाण्यालाही प्रत पाठवावी असा अर्ज करू. ती लगेच म्हणाली, "पण मॅडम, तेची एक प्रत तेकाव गावतली मा?"

खरंच, नवऱ्यालाही एक प्रत मिळणार. कंपनी त्याला कळली आहे, खोली अजून कळलेली नाही. ठाण्याचं नाव वाचलं की तो शोधत येईल.

तिच्या वकिलांनी आणि मी मिळून आता अर्ज केला आहे. पत्ता मोहोरबंद लिफाफ्यात फक्त न्यायालयाला द्यायचा, प्रत न्यायालयाने थेट इकडच्या ठाण्याला पाठवायची, सामनेवाल्याच्या प्रतीत ठाण्याचं नाव गाळायचं. कलम 28(2) न्यायालयाला स्वतःची कार्यपद्धती ठरवू देतं, त्यावर आमची भिस्त आहे. सामनेवाल्याचं म्हणणं मागवलं आहे. स्वतःविरुद्धचा आदेश पूर्ण वाचण्याचा हक्क मला आहे, अशी हरकत ते घेणारच, आणि त्या हरकतीला मला पटेल असं उत्तर अजून सापडलेलं नाही.