डोना नूकचे कुंपण आणि करमळीचे तळे

मी इथे इंग्लंडमध्ये काढलेली सीलच्या पिल्लांची छायाचित्रे पाहून गोव्यातल्या एका छायाचित्रकार मित्राने लिहिले की तिकडे तुम्हाला सगळे आयते मिळते, कुंपणापाशी उभे राहायचे आणि बटण दाबायचे. हे वाक्य मला लागले. ते का लागले, हे फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहून सांगते.

डोना नूक हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा, लिंकनशर परगण्यातला सपाट वाळूचा पट्टा आहे. ऑक्टोबर संपत आला की करड्या सील माद्या समुद्रातून बाहेर येऊन या वाळूवर पिल्ले घालू लागतात आणि डिसेंबरपर्यंत इथे दोन हजारांहून अधिक पिल्ले जन्मतात. वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी लिंकनशर वाइल्डलाइफ ट्रस्ट या संस्थेने साधे लाकडी कुंपण घातले आहे. अलीकडे माणसे, पलीकडे सील. समोरच्या विस्तीर्ण वाळूवर ब्रिटिश हवाई दलाचे सरावाचे क्षेत्र असल्यामुळे लढाऊ विमाने डोक्यावरून गर्जत जातात, आणि त्या आवाजाला माद्या मानही वर करत नाहीत. माणूस वाळूवर चालत आला तर मात्र त्या अस्वस्थ होऊन पाण्याकडे सरकू लागतात, आणि अशा धांदलीत आई आणि पिल्लू यांची ताटातूट झाली, तर पिल्लू उपाशी मरते. काही वर्षांपूर्वीपर्यंत चांगल्या चित्राच्या ओढीने छायाचित्रकार खूप आतपर्यंत वाळूवर चालत जात असत, आणि तसे करू नका, असे संस्थेला जाहीरपणे सांगावे लागले. म्हणजे ज्या कुंपणाला माझा मित्र सोय समजतो, ते आमच्यासारख्या कॅमेरेवाल्यांना आवरण्यासाठीही आहे.

कुंपणापाशी काय दिसते, ते आता सांगते. कुरव पक्ष्यांचा घोळका एखाद्या मादीभोवती अचानक जमला, की नेहमी येणारे लोक तिकडे वळतात, कारण तिथे पिल्लू जन्मलेले असते आणि पक्षी पिल्लामागून पडणाऱ्या वारेवर टपलेले असतात. नवजात पिल्लाची लव ओली आणि पिवळसर असते आणि कातडी अंगापेक्षा मोठ्या मापाचा अंगरखा घातल्यासारखी सैल लोंबते. आई वळून त्याच्या नाकाला नाक लावते आणि बराच वेळ त्याला हुंगत राहते, कारण पुढे शेकडो पिल्लांतून आपले पिल्लू तिला या वासावरूनच ओळखायचे असते. मग सुमारे अठरा दिवस ती त्याला पाजते. या काळात ती स्वतः काहीही खात नाही. तिच्या दुधात साठ टक्क्यांपर्यंत स्निग्धांश असतो, आणि जन्मताना सुमारे चौदा किलोचे असलेले पिल्लू रोज दोनेक किलोने वाढत जाते, तर आई डोळ्यांदेखत आटत जाते. दूध तोडून ती समुद्रात निघून गेली, की पिल्लू पांढरी लव टाकते आणि साठलेल्या चरबीवर काही आठवडे एकटे पडून राहते. हे सगळे माणसाला अगदी जवळून पाहता येते, कारण कुंपण ओलांडून कोणी येत नाही हा अनुभव या माद्यांना वर्षानुवर्षे आलेला आहे, आणि म्हणूनच त्यांतल्या काही कुंपणाला अगदी लागून पिल्ले घालतात.

आता ‘आयते’ या शब्दाविषयी. नोव्हेंबरच्या अखेरीस इथे दुपारचे चार वाजण्याच्या आतच सूर्य मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर येतो. आपल्याकडे गोव्यात त्याच दिवसांत तो चौपन्न अंशांच्या आसपास चढतो, आणि वरून पडणाऱ्या कडक उन्हामुळे सकाळी नऊनंतर कॅमेरा पिशवीत ठेवावा लागतो. इथे आकाश मोकळे असेल तर दिवसभर तिरपे, सोनेरी ऊन मिळते, हे मी मान्य करते. पण आकाश मोकळे असते क्वचित, बोटे बधिर होतात, थंडीने बॅटरी भराभर उतरते आणि दुसरी बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात उबेत सांभाळावी लागते. पांढऱ्या लवेवर कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर फसते आणि पिल्लू मळक्या करड्या रंगाचे उमटते, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, मुद्दाम वाढवावे लागते. कुळागराच्या, म्हणजे आपल्या सुपारीच्या बागेच्या, सावलीत काळ्याभोर गव्याचे चित्र घेताना आपण नेमके याच्या उलट करतो. चिखलात गुडघे टेकून लेन्स कुंपणाच्या फटीला लावून बसले, तरच पिल्लाच्या डोळ्यांच्या पातळीवरून चित्र मिळते. हे कष्ट मी आनंदाने करते, पण ते आयते नाही.

या शिस्तीचे मला मनापासून कौतुक वाटते. एकदा एका गृहस्थांनी फोन धरलेला हात कुंपणाच्या पलीकडे लांबवला, तेव्हा स्वयंसेवक असलेल्या एका वयस्क बाईंनी शांतपणे येऊन त्यांना हात मागे घ्यायला सांगितले आणि जवळची मादी घाबरून आपल्याच पिल्लावर कशी सरकू शकते, हे समजावून दिले. गृहस्थांनी माफी मागितली, आजूबाजूच्या लोकांनीही त्या बाईंचीच बाजू घेतली. त्यांच्या हातात ना काठी होती, ना दंडाची पावती.

तरीही इंग्रजांना निसर्ग कळतो आणि आपल्याला कळत नाही, असे कोणी म्हणू लागले, तर मी ते ऐकून घेणार नाही. या देशाने आपले लांडगे, अस्वले आणि लिंक्स ही मोठी रानमांजरे शेकडो वर्षांपूर्वी संपवले. सीलही शिकारीने संपत आले असे वाटू लागले, तेव्हा १९१४ साली संसदेला त्यांच्या रक्षणाचा कायदा करावा लागला. वाळूवर झोपलेल्या सीलपासून दूर राहणे सोपे आहे, ती कोणाच्या गोठ्यात शिरत नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामेभावाला मी हे कुंपणाचे कौतुक ऐकवले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, आमच्या गोठ्याला कुंपण घालायचं की वाघाला, ते आधी सांग.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच तालुक्यातल्या म्हादई अभयारण्यात २०२० च्या जानेवारीत चार वाघ मेलेले सापडले, गुरे मारल्याच्या रागातून त्यांना विष घातले गेले होते. त्या बातमीने मी इथे परदेशात रडले. पण ज्याची दुभती म्हैस जाते, त्याच्या घरी बसून मग बोलावे, असेही मला वाटते. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ च्या जुलैमध्ये व्याघ्र क्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिला, त्याला माझा पाठिंबा आहे, आणि तिथल्या माणसांशी आधी बोलले पाहिजे, या मताशीही मी ठाम आहे. एवढ्याशा राज्यात वाघ, गवा, शेकरू आणि धनेश सांभाळून राहणारे लोक आपण आहोत, आणि याचा मला अभिमान आहे.

मात्र आपण कॅमेरेवाले सत्तरीतल्या शेतकऱ्याच्या अडचणीआड लपू शकत नाही. आपली गुरे कोणी मारलेली नाहीत. तुळशीचे लग्न उरकले, भाताची मळणी झाली, की गोव्यातल्या करमळी गावच्या तळ्यावर बदके उतरू लागतात, अडई, तलवार बदक आणि जांभळ्या पाणकोंबड्या रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या त्या पाण्यात आगगाडीच्या आवाजाची पर्वा न करता चरत राहतात. डोना नूकच्या सीलना जसे विमानांचे भय नाही, तसे या पक्ष्यांना आगगाडीचे नाही. भय आहे ते बांध सोडून पाण्याच्या कडेपर्यंत जाणाऱ्या माणसाचे. थव्याचे उड्डाण चौकटीत यावे म्हणून खडा मारणारे, टाळ्या वाजवणारे छायाचित्रकार मी तिथे पाहिले आहेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला आपल्या एका चित्रासाठी पुन्हा उडायला लावणे मला अक्षम्य वाटते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागच्या किनाऱ्यांवर सागरी कासवांचा हंगामही याच सुमारास सुरू होतो, आणि अंडी घालायला येणाऱ्या मादीच्या तोंडावर फ्लॅश मारला, तर ती अंडी न घालताच समुद्रात परतू शकते. तिथे वनखाते घरट्यांभोवती कुंपण घालते, पण वाळूवरून चालत येणाऱ्या मादीभोवती कुंपण घालता येत नाही.

म्हणून फोंडा, डिचोली आणि पणजीत जे मित्र छायाचित्रांच्या स्पर्धा भरवतात, त्यांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या प्रवेशअर्जात दोन रकाने वाढवा: चित्र किती अंतरावरून घेतले, आणि पक्षी आपणहून उडाला की उडवला. दुसरा रकाना कोरा ठेवणाऱ्याचे चित्र कितीही सुंदर असले, तरी ते परीक्षकांपुढे ठेवू नका. मी जानेवारीत घरी येत आहे. अर्जाचा मसुदा करायला कोणी बसणार असेल, तर मलाही बोलवा.