स्कूल बोर्डाच्या इलेक्शनलाही मी का जाते

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये सगळे मला सारखं विचारतात, अगं प्रेसिडेंटचं ठीक आहे, पण स्कूल बोर्डासाठी, म्हणजे गावातल्या शाळांचं काम बघणाऱ्या मंडळासाठी, कशाला ऑफिसातून लवकर निघून लाईन लावतेस? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, व्हर्नन डाहमरमुळे, काळ्या लोकांना मत देता यावं म्हणून जीव गमावलेला अमेरिकेतला एक काळा माणूस.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात हॅटिसबर्ग शहराजवळ त्यांची शेती होती, किराणा दुकान आणि लाकडाची गिरणी होती, म्हणजे खाऊनपिऊन सुखी, गप्प बसले असते तर कुणी काही केलं नसतं. पण तिथे काळ्या माणसाला मतदार यादीत नाव घालायचं तर क्लार्कसमोर राज्यघटनेतल्या एखाद्या कलमाचा अर्थ सांगायला लागायचा आणि तो बरोबर की चूक हे तोच गोरा क्लार्क ठरवणार. माझी आजी सही येत नव्हती तरी प्रत्येक निवडणुकीला मत द्यायची, तिला तिथे दारातूनच परत पाठवलं असतं, हे मनात आलं की मला अजून राग येतो.

१९६५ मध्ये मतदानातला असा भेदभाव बंद करणारा व्होटिंग राइट्स ॲक्ट आला तरी राज्याच्या निवडणुकांसाठी २ डॉलरचा पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर भरायचा कर, होताच. जानेवारी १९६६ मध्ये डाहमरांनी रेडिओवरून जाहीर केलं की टॅक्स माझ्या दुकानात भरा, ज्याला परवडत नाही त्याचा मी भरतो. लगेच १० जानेवारीच्या पहाटे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या हिंसक संघटनेची माणसं आली आणि त्यांनी घर अन् दुकान दोन्ही पेटवलं. बायकोमुलं मागून बाहेर पडेपर्यंत हा ५७ वर्षांचा माणूस बंदूक घेऊन पुढे उभा राहिला, सगळी वाचली, डाहमरांची फुप्फुसं मात्र धुराने आणि आगीने पार गेली आणि त्याच दिवशी ते वारले. चार मुलगे तेव्हा अमेरिकेच्याच सैन्यात होते, युनिफॉर्ममध्ये जळक्या घरापाशी उभे असलेला त्यांचा फोटो आहे, जरूर बघा. हल्ल्याचा हुकूम देणाऱ्या क्लॅनच्या म्होरक्याला, सॅम बोवर्सला, जन्मठेप झाली ती थेट १९९८ मध्ये, आधीच्या खटल्यांत ज्युरीचं एकमतच होत नव्हतं.

आणि आपला काय संबंध म्हणाल तर, ज्या इमिग्रेशन कायद्याने आपल्या लोकांना इथे यायची वाट मोकळी झाली तोही १९६५ चाच, काळ्या लोकांच्या हक्कांच्या याच चळवळीच्या जोरावर आलेला. आपण आयते आलो, किंमत दुसऱ्यांनी मोजली. माझ्या मते पुतळ्याला हार घालण्यापेक्षा मत देणं हीच डाहमरांना आवडली असती अशी गोष्ट, कारण मत दिलं नाही तर तुम्ही कुणाच्या हिशोबातच नाही असं ते कायम सांगायचे.

त्यांच्या पत्नी एली पुढे त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, इलेक्शन कमिशनर म्हणून निवडून आल्या, दहाहून जास्त वर्षं होत्या! म्हणजे ज्या यादीसाठी नवरा गेला ती यादी नीट ठेवायचं काम त्यांच्याकडे. स्कूल बोर्डापेक्षा ते पद काही मोठं नाही, पण कोणाचं नाव राहतं आणि कोणाचं गळतं हे अशाच छोट्या पदांवरून ठरतं ना?

तर नोव्हेंबरात मी जाणारच आहे, माझ्या गाडीत जागा आहे, यायचं असेल तर कळवा.