पुस्तक मिटा आणि मग सांगा

एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, सायन्समध्ये 80 पैकी 75 च्या वर मार्क घेतलेली पोरं जूनमध्ये फर्स्ट पीयूसी (म्हणजे अकरावी) सायन्सला जातात आणि पहिल्याच युनिट टेस्टला हबकतात, हे मी दरवर्षी बघते. घरचे लगेच म्हणतात मिडियम बदललं ना, मराठीतनं एकदम इंग्लिशमध्ये टाकलं की असंच होणार. त्यात खोटं काही नाही, त्रास होतोच. पण मग एकाच मराठी शाळेतनं, एकाच बेंचवरनं गेलेल्या दोघींपैकी एक दिवाळीपर्यंत सावरते आणि दुसरी फेब्रुवारीतसुद्धा चाचपडत असते, असं का? मी बेळगावजवळच्या एका गावात घरीच ट्यूशन घेते, आठवी ते सेकंड पीयूसी, सायन्स आणि मॅथ्स, आणि एवढी पोरं हाताखालनं गेल्यावर या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्यापैकी दिसलंय असं वाटतं, म्हणून लिहायला बसले.

बहिर्वक्र भिंगानं पडद्यावर प्रतिमा उलटी का पडते असं विचारलं की एक मुलगी पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवते, शब्द न् शब्द बरोबर. दुसरी पेन्सिल घेते, मेणबत्तीच्या टोकापासनं दोन किरण काढते, एक अक्षाला समांतर जाऊन पलीकडच्या नाभीतनं जाणारा आणि एक भिंगाच्या मध्यातनं सरळ निघून जाणारा, आणि ते दोन्ही खाली कुठं मिळतात तिथं बोट ठेवते. बोर्डात मार्क दोघींना सारखेच पडतात. पण पीयूसीला गेल्यावर या दुसरीला फोकस, ॲक्सिस, इमेज एवढे शब्द तेवढे नवीन लागतात, आकृती तीच असते. पहिलीला सगळंच पहिल्यापासनं, कारण तिच्याजवळ वाक्यं होती आणि ती वाक्यं इंग्लिश प्रश्नाला जुळतच नाहीत.

"वाचलंय की टीचर, तीन-तीनदा वाचलंय, तरी विसरालंय." हे मी रोज ऐकते आणि मुलं खोटं बोलत नाहीत, खरंच वाचलेलं असतं, कितीतरी जणांच्या पुस्तकाचं पान न् पान पिवळ्या हायलायटरनं रंगवलेलं असतं. पण दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, तिसऱ्यांदा तर अजूनच, आणि मेंदूला वाटतं झालं, येतंय. ओळखीचं वाटणं वेगळं आणि समोर काही नसताना आठवून सांगता येणं वेगळं, आणि परीक्षेत काय, पुढं कामावर काय, लागतं ते हे आठवून सांगणंच.

यावर 2006 साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी एक प्रयोग केला होता, तो मी प्रत्येक पालकाला सांगते. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटानं चार वेळा नुसता वाचायचा, दुसऱ्या गटानं एकदाच वाचायचा आणि मग तीन वेळा न बघता, आठवेल तेवढं कागदावर उतरवायचं, मधे पुन्हा बघायलासुद्धा दिलं नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर चार वेळा वाचणारे पुढं, त्यांना 83 टक्के आठवलं आणि दुसऱ्यांना 71. पण आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांचं 40 वर आलेलं आणि आठवून लिहिणाऱ्यांचं 61. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपल्याला चांगलं लक्षात राहणार अशी खात्री जास्त होती ती चार वेळा वाचणाऱ्यांनाच! म्हणून पोराला "झालं का रे पाठ?" विचारून काही कळत नाही, ते मनापासनं "हो" म्हणतं.

आमच्याकडं आता नियम असा आहे की धडा एकदा नीट वाचायचा, सावकाश, समजेपर्यंत, अडलं तिथं विचारायचं, मग पुस्तक मिटून दप्तरात टाकायचं आणि कोऱ्या पानावर जे आठवतंय ते लिहायचं, आकृती, सूत्र, उदाहरण, मोडकंतोडकं कसंही, मराठी-इंग्लिश-कन्नड काय तोंडात येईल त्यात. मग पुस्तक उघडून लाल पेननं राहिलेलं भरायचं. झालं एवढंच. पहिले काही दिवस मुलांना हे अजिबात आवडत नाही, अर्धं पान पण भरत नाही, काही मुली रडकुंडीला येतात की टीचर मला काहीच येत नाही. तेव्हा त्यांच्याजवळ बसून सांगावं लागतं की हे जे डोकं ताणून आठवतेयस ना, अभ्यास तो हाच, आणि ते जड जातंय म्हणूनच टिकणार आहे. रॉबर्ट बियॉर्क नावाचे मानसशास्त्रज्ञ 1990 च्या दशकापासनं हेच सांगतायत, की शिकताना काही प्रकारची अडचण फायद्याची असते, सोपं वाटणारा अभ्यास बऱ्याचदा टिकत नाही. घरच्यांना मात्र माझी एक विनंती आहे, त्या कोऱ्या पानाकडं बघून पोराला रागावू नका, ते पान मार्क द्यायला नसतं.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून पुस्तक काढलं, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही काळानं तीच पुन्हा पाठ करायला किती वेळ कमी लागतो ते मोजायचं. एका दिवसानं पहिल्या मेहनतीपेक्षा जेमतेम एक तृतीयांश मेहनत कमी लागत होती, महिन्यानं एक पंचमांश. अर्थ कळलेला धडा एवढ्या झपाट्यानं जात नाही, पण जातोच, आणि सुरुवातीलाच सगळ्यात जास्त जातो. म्हणून आज शिकलेलं उद्या एकदा, मग तीन-चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी, असं आठवून बघायचं. एका रविवारी सलग पाच तास बसण्यापेक्षा तेच पाच तास महिन्याभरात वाटून बसलं तर कितीतरी जास्त राहतं, यात आता शंका नाही, 2013 मध्ये जॉन डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला त्यात सगळ्यात वरच्या दोन म्हणजे स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास वाटून करणं, आणि अधोरेखित करणं, पुन्हा पुन्हा वाचणं या खालच्या वर्गात.

हे वाटून करायचं कसं, तर कार्डं. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये सांगितलेली खोक्यांची पद्धत आहे, आमच्याकडं ती कुंद्याच्या, म्हणजे बेळगावी मिठाईच्या, रिकाम्या बॉक्समध्ये चालते (बेळगावात त्यांची कमी नाही) आणि कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची, पाठची कोरी बाजू कापून. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. पहिल्या बॉक्समधली रोज बघायची, उत्तर आलं की कार्ड दुसऱ्या बॉक्सात, ती तीन दिवसांनी, तिथंही आलं की तिसऱ्यात, ती दोन आठवड्यांनी. चुकलं की कुठूनही परत पहिल्यात. जे येत नाही ते रोज समोर येतं आणि जे येतं त्यावर वेळ जात नाही. मोबाईलवर यासाठी अँकी नावाचं ॲप आहे, चांगलं आहे, मोठ्यांनी जरूर वापरावं, पण शाळेच्या मुलांच्या हातात अभ्यासासाठी मोबाईल दिला की पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

माझी वहिनी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातनं लग्न होऊन इकडं आली, कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं, आणि इथं बसचा बोर्ड, रेशनची पावती, शेताचा उतारा, सगळं कन्नडमध्ये. तिनं आधी बाराखडीचा तक्ता पाठ केला आणि तक्ता तिला धडाधड यायचा, कारण क ख ग घ चा क्रम मराठी आणि कन्नडला एकच आहे, त्यामुळं अक्षराकडं न बघतासुद्धा पुढचं तोंडातनं येतं! बोर्डावर एकटं अक्षर दिसलं की मात्र अडायचं. मग आम्ही अक्षरांची कार्डं करून पिसली, आणि मुद्दाम सारखी दिसणारी एकत्र टाकली, कन्नडमधला द, ध आणि थ, तसंच प, व आणि म, ही नवख्याला एकसारखीच दिसतात. चुका खूप झाल्या पण फरक कुठं आहे ते डोळ्याला कळायला लागलं. त्यानंतर स्टँडवर उभी असली की लांबनं येणाऱ्या बसचा बोर्ड ती मनात वाचायची आणि मग कंडक्टर जे गाव ओरडेल त्यावरनं आपलं बरोबर का चूक ते बघायची. आता उताऱ्यावरचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र ती स्वतः वाचते, तलाठ्यापुढं कुणाला सोबत न्यावं लागत नाही.

गणितात हीच गोष्ट आहे पण पुस्तकं उलट बांधलेली असतात. शंकूच्या घनफळाच्या धड्याखाली सगळी शंकूचीच गणितं, त्यामुळं मुलाला सूत्र कुठलं हा विचारच करावा लागत नाही, आणि बोर्डाच्या पेपरात खरा प्रश्न तोच असतो. डग रोरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये वेगवेगळ्या घनाकृतींच्या घनफळावर हे करून बघितलं, सरावाच्या वेळी एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची 89 टक्के गणितं बरोबर आणि मिसळून सोडवणाऱ्यांची 60, पण आठवड्यानं परीक्षा घेतली तर सलगवाल्यांची 20 आणि मिसळवाल्यांची 63. मी आता शनिवारी जुन्या चार-पाच धड्यांतली गणितं एकत्र करून देते, धड्याचं नाव न लिहिता.

आता उपयोगाचं. माझा भाऊ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, त्याच्याकडं नवीन येणारी पोरं लीस्ट काउंटची (उपकरणानं मोजता येणाऱ्या सगळ्यात लहान मापाची) व्याख्या घडाघडा सांगतात आणि हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, दिला की गप्प होतात, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये 0.01 सेंटीमीटरचा व्हर्नियर बघितलेला असतो आणि शॉपमध्ये 0.02 मिलीमीटरचा. खरं तर विचार एकच आहे, मेन स्केलवरचा सगळ्यात लहान भाग भागिले व्हर्नियरवरचे भाग, तिथं 1 मिलीमीटरला 10, इथं 1 मिलीमीटरला 50. मेन स्केलवर 24 दिसलं आणि व्हर्नियरची 17 वी रेघ जुळली की 24 अधिक 17 गुणिले 0.02, म्हणजे 24.34 मिलीमीटर. भावाचा जुना व्हर्नियर मी मागून आणलाय आणि फर्स्ट पीयूसीची मुलं त्यानं बांगडी, पाइप, पेन, मिळेल ते मोजतात आणि भांडतात कुणाचं बरोबर यावरनं. एकदा हातानं मोजलेलं विसरत नाही कोणी.

तसंच "का" विचारायचं. आपल्याच जिल्ह्यात खानापूरकडं कणकुंबीला पाऊस थांबत नाही आणि अथणी कोरडी, असं का? पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून दोन ओळी असतात, पाठ होतात आणि जातात. पण पश्चिमेकडनं येणारी ओली हवा घाट चढताना वर जाते, थंड होते, पाणी तिथंच पडून जातं आणि पूर्वेकडं उतरेपर्यंत हवा कोरडी पडते, हे ज्यानं स्वतः जोडून सांगितलं त्याला मलप्रभा कणकुंबीलाच का उगम पावते तेही पाठ करावं लागत नाही.

यावरनं कोणी म्हणेल की पाठांतर वाईट. मला तसं अजिबात वाटत नाही आणि हल्ली जे सरसकट घोकंपट्टी नको म्हणतात त्यांच्याशी माझं पटत नाही. पाढे, संयुजा, सूत्रं, त्रिकोणमितीचं कोष्टक हे तोंडपाठच पाहिजे, नाहीतर गणिताच्या मधेच मुलगा सात आठे किती यावर अडतो आणि पुढचा विचार तुटतो. आमचे आजोबा निमकी, पाऊणकी, सवायकी म्हणायचे आणि बाजारात सव्वा तीन मणाचा हिशोब कागदाशिवाय करायचे, त्यांचं पाठांतर रोज वापरात होतं. आज चिंता वाटते ती पासिंग पॅकेज आणि क्वेश्चन बँकेतली तयार उत्तरं पाठ करायची, त्याची. नापास होणारं मूल त्यानं पास होतं, तेवढ्यापुरतं ठीक आहे, पण हुशार मुलांनासुद्धा तेच देणं हे मला फार वाईट वाटतं.

वेळेबद्दल थोडंसं. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला 2022 पासनं संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. चांगली गोष्ट आहे, आपल्या गावांनीही करावी. पण त्या दीड तासात पोरगं नुसतं पुस्तक उघडून बसलं तर फार काही होणार नाही. आईवडिलांना विषय येत नसला तरी चालतं, जेवताना एवढंच म्हणा की आज काय शिकलास ते मला कळेल असं सांग, आणि सांगताना ते अडलं तर तुम्ही उत्तर देऊ नका, ते स्वतः उठून पुस्तकात बघेल. आणि झोप कमी करून अभ्यास करायला लावू नका, शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

आता ज्यांची एसएसएलसी झालीय त्यांच्यासाठी. एप्रिल-मे हातात आहे, सुट्टी घ्याच, पण रोज तास-दीड तास दहावीचाच धडा काढा. आधी न बघता मराठीत आठवेल ते लिहा, मग तोच धडा इंग्लिशमध्ये वाचा. आपलं दहावीचं सायन्स आणि मॅथ्स एनसीईआरटीवरनंच घेतलंय, त्यामुळं इंग्लिश पुस्तकात तेच धडे आणि त्याच आकृत्या मिळतील, अर्थ आधीच माहीत असल्यानं शब्द आपोआप बसतात. पुस्तक एनसीईआरटीच्या साइटवर फुकट उतरवून घेता येतं. सुरुवात त्रिकोणमितीनं करा, कारण फर्स्ट पीयूसी फिजिक्सला व्हेक्टर्स लवकरच येतात आणि तिथं साइन-कॉस येतो असं धरूनच लेक्चरर पुढं जातात.